कापडाखालची किल्ली

४ फेब्रुवारी, मंगळवार

"कापड निघणार नाही!" — दादाचा शेवटचा शब्द. सकाळपासूनचा हा चौथा शेवटचा शब्द.

भांडण बाप-लेकीचं, साक्षीदार मी, आत्या. चिमणीला दुकानाचं पेज काढायचंय आणि त्यावर दादा किल्ली घासतानाचा व्हिडिओ टाकायचाय. (खरं नाव चांगलं चार अक्षरी आहे, मीच ठेवलंय, पण पाळण्यापासून अखंड बोलते, म्हणून चिमणी.) अडचण अशी की दादा किल्ली घासतो ती जाड निळ्या कापडाखाली. दोन्ही हात आत, डोळे समोरच्या भिंतीवर, बघायचं काम बोटांचं. वडील तसेच करायचे, आजोबाही. दारासाठी घडवलेली किल्ली तिसऱ्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. काम झालं की गिऱ्हाइकासमोर एकदा लावून बघायची आणि तिचा पत्र्याचा नमुना त्यांच्यादेखत ऐरणीवर ठोकून सपाट करायचा. किल्लीवर नाव लिहायचं नाही. गिऱ्हाइकाने आपली दोरी आणायची, ती बांधायची. आमच्या घराचं धर्मशास्त्र एवढंच. बाकी कशात आम्ही विशेष धार्मिक नाही.

"बाबा, कापडाखाली हात हलताना दिसले तर लोक भलतंच समजतील!" चिमणी म्हणाली.

वहिनी तोंडावर पदर धरून आत पळाली. दादा लाल. मी कानशी मोजायला लागले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिऱ्हाईक! तेही हरवलेल्या किल्लीचं नव्हे, नव्या कुलपाचं. कोपऱ्यापलीकडे जिन्यावरच्या खोल्यांत शिवणकाम करतात त्या शिंपीणबाई. एकट्या राहतात. खाली जिन्याचं दार, वर खोलीचं. कुलूप हवं खालच्या दाराला — आत बसवायचं, बाहेरून किल्लीने उघडणारं.

दादाने नेहमीचं विचारलं, "चोरीची भीती?"

"चोर बरा. चोर एकदाच येतो."

मग थोडं थोडं सांगितलं. नवरा. त्याला सोडून दोन वर्षं झाली. बाजारातलं कुठलंही कुलूप आणा, तो उघडून आत बसलेला असतो. मारत नाही, तोडत नाही — बसलेला असतो. एकदा त्यांच्या यंत्रावर त्यांचंच अर्धं राहिलेलं कापड शिवून ठेवलं होतं. मला ते ऐकून मारण्यापेक्षा वाईट वाटलं.

"त्याला पत्ता माहीत आहे, दादा. पत्ता बदलून झाला तीनदा. आता किल्लीच बदलायची उरली."

दोरी बरोबर आणली होती. चिंध्यांच्या पट्ट्यांची, चौपदरी वीण, लाल-पिवळी. सुरेख. मी तसं म्हटलं. म्हणाल्या, "हाताला दुसरं काही येत नाही, ताई."

दादाने आज घासाघीस ऐकलीच नाही. म्हणजे त्या करत होत्या आणि तो ऐकत नव्हता.

८ फेब्रुवारी

पेज निघालं. पहिला व्हिडिओ: दुकानाची पाटी. दुसरा: ऐरण. तिसरा: निळं कापड, खाली काहीतरी हलतंय. पाहणारे — चिमणीच्या मैत्रिणी, वहिनीची बहीण आणि एक गृहस्थ जे सगळ्यालाच "सुप्रभात" लिहितात.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक येऊन गेला. परदेशी कुलपं विकतो, आकडे दाबायची. दादाला म्हणाला, "फिटर म्हणून या. आमची कुलपं दारांना बसवा. खुर्ची, पंखा, सगळं." दादा "बघतो" म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यात "बघतो" म्हटलं नाही त्याने म्हटलं!

चिमणी स्वयंपाकघरात येऊन रडली. "आत्या, लोकांना वस्तू नको असते गं. ती होताना बघायची असते. बाबांचे हात एकदा दिसू देत. एकदाच. पुढचं मी बघते. तू सांग ना त्यांना, तुझं ऐकतात."

ऐकत नाही. मला शास्त्रीबुवा म्हणतो आणि पुढे चालतो. शाळेत माझ्या विषयाला, संस्कृतला, विद्यार्थी उरले नाहीत तेव्हापासून मी दुकानाचा पत्रव्यवहार सांभाळते, गिऱ्हाइकांची उत्तरं मी इतकी अलंकारिक लिहायचे की एकाने परत लिहिलं — "कुलूप तयार आहे की नाही?"

तरी सांगितलं. म्हटलं, "दादा, आजोबांनी कापड घातलं तेव्हा दुकानात गर्दी असायची. आता आडपडदा कुणापासून? समोर रस्ता आणि मी."

त्याने ऐरण पुसली. मग: "एकदा. आणि मला दाखवायचं नाही ते."

१२ फेब्रुवारी, बुधवार

झालं. कापड निघालं! दादा इतका संकोचला जसं काही अंगावरचा सदरा काढायला सांगितलाय. चिमणीने खिडकी उघडली, दिवा लावला, मोबाइल तिकाटण्यावर. किल्ली कुठली? जी हातात होती ती — शिंपीणबाईंची. दुसरं काम होतंच कुठे.

शेवटी तयार किल्ली दोरीसकट ठेवून वरून फोटो. खालचं फळकूट काळंकुट्ट, किल्ली उठून दिसेना. मी माझ्या चौकटीच्या वहीचं पान फाडून खाली घातलं. एकदम स्वच्छ दिसलं. "आत्या, तू जन्मजात आहेस यात," — चिमणी. मी फुलले. लिहूनच ठेवते, फुलले.

१३ फेब्रुवारी

कुलूप बसवलं. शिंपीणबाईंनी स्वतः तीनदा उघडलं, तीनदा लावलं. नमुना त्यांच्यापुढे ठोकला. चौथ्यांदा लावलं आणि तिथेच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. "आज दुपारी झोपणार आहे मी," म्हणाल्या. "दुपारी!" जगात चैन म्हणजे काय, तर तेवढी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हिडिओ टाकला. खालचे शब्द माझे: "एकट्या राहणाऱ्या एका बाईंच्या निवांत झोपेसाठी, तीन पिढ्यांच्या हातांनी घडलेली एकच किल्ली." तीन मसुदे फाडले. अनुप्रास जरा जास्त होत होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

देवा! चिमणी सकाळी ओरडली ती मला वाटलं भाजलं. लाखाच्या वर लोकांनी पाहिलाय. कानशीचा आवाज ऐकून झोप लागते म्हणे लोकांना. मला लहानपणी त्याच आवाजाने झोप लागत नसे.

मोठमोठ्या पेजांनी उचललाय. कुणी लिहितं, "हे हात जपा." कुणी, "आजोबांची आठवण आली." दादाचा पन्नाशीचा हात कुणाला आजोबा वाटला, हे त्याला सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

मागण्या! जुन्या घरांचे मालक, एक औषधवाले, एक सराफ, कोण कुठली पुस्तकांची कपाटं असलेली बाई. मी उत्तरं लिहून लिहून दमले. चिमणीने ताकीद दिलीय: दोन ओळींत. "आत्या, 'कृपाभिलाषी' नको."

दादाने हार्डवेअरवाल्याला नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी शीळ घालत होता. ऐरणीपाशी. वहिनी म्हणाली, "लग्नानंतर आजच ऐकली."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक कमेंट. शेकड्यांनी येतात, पण ही डोक्यातून जाईना.

"दात मोजले. सुंदर."

नाव नाही, चेहरा नाही, त्या खात्यावर दुसरं काही नाही. चिमणी म्हणाली, "असले रिकामटेकडे हजार असतात आत्या. काहीतरी हुशारीचं लिहायचं."

असेल. आमच्या वर्गातही शेवटच्या बाकावर एक असायचाच. पण त्याचं मला हसू यायचं. हे वाचून पायाला गार वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दादाला व्हिडिओ दाखवला. "दाखवायचं नाही" म्हणाला होता, तरी. मनात ती कमेंट होती, ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं की लोक कौतुक करतायत, बघ तरी एकदा.

तो बघत होता. ओठांवर हसू. मग शेवटचा फोटो आला आणि हसू तसंच राहिलं, बाकीचा चेहरा बदलला.

"थांबव. इथेच."

थांबवलं.

"खालचं हे चौकटीचं काय?"

"माझ्या वहीचं पान. उठून दिसावी म्हणून —"

त्याने पान मागितलं. मग पत्र्याचा तुकडा घेतला. एक डोळा मोबाइलवर, एक पानावर. ठरल्या मापाच्या त्या चौकटी, त्यांवरून दातांचं माप मोजलं, खुणा केल्या, पकडीत धरला, कानस चालवली. कापड घेतलं नाही. मी विचारलं, काय करतोयस. कानस चालूच. चिमणी बडबड करत आत आली आणि दारातच थांबली.

चहा निवायच्या आत त्याच्या हातात किल्ली होती. कच्ची, ओबडधोबड.

"चल," म्हणाला. मला. चिमणीला नाही.

शिंपीणबाई मापं घेत होत्या, खाली आल्या. दादा म्हणाला, "दार लावून घ्या आतून, आणि कडीला हात लावू नका." आम्ही बाहेर. त्याने तो पत्रा भोकात घातला. पहिल्यांदा अडला. बाहेर काढून दारातच दोनदा कानस फिरवली. पुन्हा घातला.

फिरला. दार उघडलं.

त्या समोर उभ्या, गळ्यात माप घ्यायची पट्टी. पत्र्याकडे बघितलं, मग दादाकडे.

"हे कशावरून केलंत?"

"चित्रावरून," दादा म्हणाला. "मोबाइलमधल्या."

मी सगळं सांगितलं. पेज, फोटो, माझं पान, माझी ओळ. दोरीचं सांगताना त्यांनी मध्येच अडवलं. "दोरी दिसते त्यात?"

"दिसते."

"ही वीण मी त्याच्या घरी असताना शिकले. पडद्यांना तीच असायची." मग अगदी हळू: "ताई, गावात कुलूपवाले दुसरेही आहेत. मी तुमच्याकडे का आले? तुम्ही दाखवत नाही म्हणून."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतला दोष काढला. या वाक्यात काढण्यासारखं काही नव्हतं.

आमच्याकडे चला म्हटलं, नाही आल्या. "घर सोडलं की तो जिंकतो." जिन्यात यंत्राची पेटी आडवी लावायची म्हणाल्या. मी त्यांच्याकडेच राहिले. दादा दुकानात गेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुणी आलं नाही. आम्ही दोघींनी बटणं लावली. मी लावलेली त्यांनी उसवली.

दादा दुपारी नवं कुलूप घेऊन आला. मी म्हटलं, खालचं काढ आणि हे बसव. शिंपीणबाईच म्हणाल्या, "वरच्या दाराला बसवा. जुनं खाली असू दे. दार रिकामं दिसायला नको." नवी किल्ली कापडाखालची. दोरी साधी, सुतळीची. ठोकलेला नमुना त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मग केराच्या डब्यात टाकला नाही — यंत्राच्या खणात ठेवला.

मोबाइलमधली ती कमेंट त्यांना दाखवली. बराच वेळ वाचली. तीन तर शब्द. "तो 'सुंदर' म्हणत नाही," म्हणाल्या. मग: "म्हणायचा. आधी."

संध्याकाळी ठाण्यात जाऊन आलो. तिथले हवालदार म्हणाले, "किल्ली तुम्हीच दाखवली, तक्रार कुणाविरुद्ध घेऊ?" प्रश्न व्याकरणशुद्ध होता. कर्ता सापडत नव्हता. शेवटी नोंद केली, मोठ्या उपकाराने.

घरी आले तर चिमणीने व्हिडिओ काढून टाकलेला. पण दुसऱ्या पेजांवर आहेच. काढला कुठे, फक्त आपल्या डोळ्यांआड केला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरात रण.

दादाचं म्हणणं: जे झालं ते पेजवर सांगायचं, आपल्या तोंडाने. ज्यांनी कुलपं मागितली त्यांना कळू दे कसल्या माणसाकडून मागितली.

चिमणी: "नवं कुलूप बसवलं ना बाबा? ठाण्यात सांगितलं ना? मग जगाला ओरडून काय मिळणार? सगळं बुडेल! आणि तुम्ही जाल त्या आकडेवाल्याकडे दारं पोखरायला!"

"जाईन."

"आत्या, तू तरी!"

मी काय तरी? पान माझं, ओळ माझी.

वहिनी कणीक मळता मळता म्हणाली, "खरं सांगून दुकान चालत नाही, लपवून झोप चालत नाही. काय हवं ते ठरवा आणि जेवायला या."

दादाने सांगितलं, मी लिहिलं. एकही विशेषण नको म्हणाला. "आम्ही एका गिऱ्हाइकाची किल्ली उघडी दाखवली. त्यावरून दुसरी किल्ली होते, आम्ही करून पाहिली. नवं कुलूप बसवलं आहे. हा व्हिडिओ जिथे दिसेल तिथून काढायला सांगा. पुन्हा किल्ली दाखवणार नाही." आजवर लिहिलेल्यात सगळ्यात कोरडं गद्य. टाकलं मात्र चिमणीनेच. मला टाकू दिलं नाही.

२५ फेब्रुवारी

सराफ गेले. औषधवाले गेले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तकांच्या कपाटांची बाई तेवढी राहिली. म्हणे, पुस्तकं कोण चोरतंय?

जुनी गिऱ्हाइकं दारात यायला लागली आहेत. "दादा, आमच्या किल्लीचंही चित्र आहे का हो कुठे?" वडिलांच्या काळचं गिऱ्हाईक, काठी टेकत. दादा प्रत्येकाला तेच सांगतो, नाही, फक्त एक. ते मान हलवतात. विश्वास ठेवल्यासारखी नाही, आजाऱ्याला बघून जाताना हलवतात तशी.

पेजवर शिव्या आहेत, शहाणपण आहे, आणि सुप्रभातवाले गृहस्थ आहेत. त्यांचं काही बिघडलेलं नाही.

३ मार्च, सोमवार

दादा हार्डवेअरवाल्याकडे जाऊन आला. जागा भरली म्हणे. खोटं, त्याच्या काचेवर अजून "फिटर पाहिजे" आहे, मी बाजारातून येताना वाचलं. दादाला सांगितलं नाही. त्यानेही वाचलंच असणार.

५ मार्च, बुधवार

शिंपीणबाईंकडे रोज चक्कर. जुनं कुलूप खाली, नवं वर. काही नाही. कुणी नाही. नवरा दुसरीकडे कामाला गेलाय असं त्यांच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणे.

"मग सुटलात," मी म्हटलं.

"असं तो दर वेळी सांगायला लावतो," म्हणाल्या आणि दोरा तोडला.

मला त्या जरा — लिहूनच टाकते — जरा अतीच वाटल्या.

८ मार्च, शनिवार

चिमणीचा चेहरा बघवत नाही. बोलत नाही! चिमणी बोलत नाही, तेव्हा घराचं छप्पर खाली आल्यासारखं वाटतं. आज एवढंच म्हणाली, "कोण आलं आत्या? कुणी आलं का?"

नाही आलं. तिचंही खरंच आहे. "दात मोजले" म्हणणारा कुणी शाळेतला पोरगा असेल, गणिताचा. काकतालीय न्याय — कावळा बसला आणि फांदी मोडली. आम्ही फांदीचा खून कावळ्यावर घातला आणि कावळ्यासाठी दुकान बुडवलं. दादाच्या सत्यव्रताची किंमत दादाने द्यावी, पोरीने का?

दादा आज निळं कापड घडी करून फडताळात ठेवत होता. मी विचारलं, का. "काम नाही, तर कापड कशाला."

१० मार्च, सोमवार

ठरवलं. चिमणीशी बोलले. दादाला न विचारता नवा मजकूर लिहितेय — कबुली राहील, पण मऊ. "खबरदारी म्हणून", "शक्यता अत्यल्प असूनही", "कुणालाही कसलीही इजा झालेली नाही". विशेषणं परत आणतेय. जुनी माणसं घरी परतल्यासारखं वाटलं. पहिला मसुदा चिमणीला आवडला. आठवड्यात पहिल्यांदा हसली. उद्या दुपारी टाकायचा. दादाला नंतर सांगू.

११ मार्च, मंगळवार

शिंपीणबाई सकाळी दुकानात आल्या. ठाण्यातून थेट. उभ्याच होत्या.

रात्रीतून त्यांच्या जिन्याचं दार उघडलेलं होतं. फोडलेलं नाही — किल्लीने उघडलेलं. पायऱ्यांवर बुटांची माती, वरपर्यंत. वरच्या किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे, बरेच. यंत्राची पेटी आता आडवी लावत नव्हत्या. त्या वरच्या खोलीत होत्या.

"दादा," म्हणाल्या, "वरचं उघडलं नाही."

दादा फडताळाकडे गेला. मी मसुदा फाडला.